नाटकातल्या पोरांना आत काय घालायचं?

बाई, तुमचा प्रश्न वाचून आधी हसू आलं, मग बरंही वाटलं. स्नेहसंमेलनाला तीन प्रसंगांचं नाटक बसवताय: १६६० सालचा पन्हाळ्याचा वेढा, पेशवाईतला एक वाडा आणि राजर्षी शाहू महाराजांच्या काळातली शाळा. शेवटच्या प्रसंगात गोऱ्या साहेबाचं कुटुंबही आहे. तुम्ही विचारता, त्या काळी मुलं अंगरख्याखाली आणि परकराखाली काय घालायची, आणि आताच्या पोरांच्या रंगीत चड्ड्या झाकायच्या कशा? कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत चौतीस वर्षं मी नाटकांचे, मिरवणुकांचे, गॅदरिंगचे कपडे शिवतेय. फेटा कसा, मोजडी कसली, मिशी कुठे मिळेल, हे सगळे विचारतात. आत काय, हे विचारणाऱ्या तुम्ही पहिल्याच.

तर खरं उत्तर असं की आत काही नव्हतं. भांडताना आपण एकमेकांना “चड्डीत राहा” म्हणतो, पण साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या बारक्या पोराला राहायला चड्डीच नव्हती. लहान मुलाच्या कपड्यांत आतला आणि बाहेरचा असा भेद आपल्याकडे जेमतेम शंभर-सव्वाशे वर्षांचा. त्याआधी मुलाच्या अंगावर कपडा चढायचा तो वयाप्रमाणे आणि संस्काराप्रमाणे, एकेक करून. त्यामुळे कपडे ठरवताना आधी साल बघू नका, पोराचं वय बघा.

सुरुवात बाळापासून करते. तुमच्या वाड्याच्या प्रसंगात पाळणा आहे म्हणून, आणि खरं सांगायचं तर माझ्या आवडीचा भाग तोच आहे म्हणूनही. जन्मल्यापासून बारशापर्यंत बाळाला नवं कापड लावायचं नाही, असं आमच्याकडे होतं. जुन्या, धुऊन धुऊन साय झालेल्या लुगड्यात गुंडाळायचं. नव्या कापडाला खळ असते, ती कोवळ्या कातडीला बोचते. शिवाय मूल जगेल की नाही याची खात्री नसायची, म्हणून नव्याची घाई करून नजर ओढवून घ्यायची नाही, ही भीतीही त्यात होतीच. ज्या घरात मुलं जगत नसत तिथे पाच घरचं मागून आणलेलं झबलं घालायचे आणि नाव धोंडू, दगडू, भिकू ठेवायचे. हे मूल काही आमच्या लाडाचं नाही, मागून आणलेलं आहे, असं सटवाईला दाखवायचं. कपड्यानं देवीला फसवायचं! नाटकात एखादं वाक्य टाकायला जागा असेल तर हे टाका, आज्या पदर डोळ्याला लावतील.

बाळुती जुन्या लुगड्याचीच. हिशेब बघा. नऊवार म्हणजे ३२४ इंच. पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, पंचेचाळीस इंचांचा धरला आणि सत्तावीस बाय साडेबावीसचा तुकडा काढला तर चोवीस बाळुती निघतात. बसून बसून विरलेला मधला भाग सोडला तरी अठरा-वीस हाती लागतातच. काठ वाया जात नसे. त्याचे बंद व्हायचे, झबल्याला आणि लंगोटाला. उरल्या चिंध्या वाकळेत. आजीचं लुगडं, आईच्या अंगावरून बाळाच्या खाली आणि शेवटी वाकळेच्या पोटात. घरात जुनं लुगडं शिल्लक असणं हीच बाळंतपणाची तयारी असे.

बाळाचा लंगोट म्हणजे त्रिकोणी दुमडलेलं फडकं. दोन टोकं कमरेशी, तिसरं पायांमधून वर, आणि गाठ. आकडी नाही, पिन नाही. सेफ्टी पिन अमेरिकेत निघाली १८४९ साली. पेशवाईच्या पाळण्यात ती दिसली तर माझ्यासारखी एखादी पहिल्या रांगेत कपाळाला हात लावेल. बाळ भिजलं की लंगोट सोडून टाकायचा आणि पुष्कळ वेळ तसंच उघडं ठेवायचं. मांड्या सोलत नाहीत, घामोळं येत नाही. धुतलेली बाळुती दिवेलागणीच्या आत घरात घ्यायची हा दंडक होता. त्याला भुताखेताचं कारण देत असत, पण दवानं ओलं झालेलं फडकं आणि त्यात शिरलेली मुंगी हेही कारण कमी नाही. मग शेगडीवर ओवा, ऊद, वावडिंग टाकून कपड्यांना धुरी द्यायची. आमच्या घरातल्या जुन्या पेटीला तो वास अजून येतो.

झबल्याला अंगडं असाही शब्द होता, म्हणून अंगडं-टोपडं. त्याची बेतणी अगदी साधी: कापड चारपदरी दुमडायचं, बाहीसकट एकच काप घ्यायचा, गळा कोरायचा, मागे किंवा पुढे उघडं ठेवून बंद लावायचे. खांद्याला शिवण नाही. हातानं धावदोरा घातलेला, आणि पहिल्या महिन्यांत शिवणीची बाजू बाहेर. तुम्ही बाहुलीला झबलं घालणार असाल तर बटण लावू नका.

आणि कुंची. बाळाच्या डोक्यावरून पाठीवर खाली लोंबणारी, खणाची नाहीतर रेशमाची, काठाला जरी, टोकाला गोंडा. बारशाला हीच कुंची बाळाची खरी शोभा. मी कुंची शिवायला शिकले सासूबाईंकडून. लांब पट्टी आडवी दुमडायची, डोक्याच्या मागची शिवण घालायची, टाळूवर चुण्या घेऊन गोल आणायचं. पहिली कुंची हातात आली तेव्हा मी म्हटलं, ही तर घोंगडीची खोळ आहे! पावसात आपला धनगर किंवा शेतकरी घोंगडं दुमडून एक कोपरा डोक्यावर घेतो, बाकीचं पाठीवर सोडतो, तोच आकार. बाप शेतात खोळ घेऊन उभा आणि पोरगं पाळण्यात खणाची खोळ घेऊन निजलेलं. कुठलं कुठून आलं याचा मी दावा करत नाही, मला आकार दिसतो एवढंच.

इथेच तुमच्या पहिल्या प्रसंगाकडे येऊ. वेढा फोडून महाराज निसटले ते जुलैत, भर पावसात. स्टेजवर तुम्ही पोरांना झळझळीत भगव्या अंगरख्यात उभं करणार, हे मला आत्ताच दिसतंय. करू नका. गडाखालच्या वाडीतलं सात-आठ वर्षांचं पोर पावसात इरलं नाहीतर घोंगडीची खोळ घेऊन हिंडणार, कमरेला करदोडा आणि लंगोटी, बस्स. थंडीचा, पावसाचा सगळा बंदोबस्त वरूनच. आत उबेचा कपडा घालावा ही कल्पनाच आपल्या हवेतली नाही. घोंगड्या गावात मागून मिळतील, विकत घेऊ नका.

करदोड्याबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण सगळी गंमत त्यात आहे. कुणी करगोटा म्हणतं, कुणी कटदोरा. काळा दोरा, ऐपत असेल तर चांदीचा. मूल उघडं असलं तरी करदोडा कमरेला असायचाच. दृष्ट लागू नये म्हणून बांधलेला, पण तो पोराचं मापही सांगायचा: दोरा रुतायला लागला की पोरगं बाळसं धरतंय, सैल पडला की काहीतरी बिघडलंय. पुढे तीन-चार, कुठे पाच-सहा वर्षांचा झाला की त्याच दोऱ्यात लंगोटी अडकायची. वीतभर रुंद पट्टी पुढे दोऱ्यात खोवायची, पायांमधून मागे न्यायची, मागे दोऱ्याखालून काढून शेपूट खोवायचं. शिवण नाही, नाडी नाही. म्हणजे दोरा आधी, कपडा नंतर. मुलींनाही करदोडा असे. तमिळ मुलखात तर छोट्या मुलींच्या कमरदोऱ्याला चांदीचं, पिंपळपानासारखं पान पुढे अडकवत, तेवढाच काय तो आडोसा. आपल्याकडे मुलगी थोडी मोठी झाली की थेट परकरच.

लंगोटी हा गरिबीचा कपडा आहे असं समजून काही पालक नाक मुरडतील. त्यांना सांगा, मुंजीत बटूला मिळतं ते कौपीन म्हणजे लंगोटीच, वर मुंज गवताची मेखला तीन वेढ्यांची. ब्राह्मणाच्या मुलाला आठव्या वर्षी, क्षत्रियाच्या अकराव्या आणि वैश्याच्या बाराव्या वर्षी, असं शास्त्र सांगतं. सोडमुंजीत मेखला सुटते आणि पोरगा पूर्ण पोशाखात येतो. म्हणजे कपड्याच्या एका पायरीवरून दुसरीवर जाण्याचा सोहळाच होता तो. ज्यांच्यात मुंज नाही त्यांच्या घरी ही पायरी तालमीत चढत. कोल्हापूरकराला हे सांगायला नको. पोरगं आखाड्यात आलं की आधी लंगोट बांधायला शिकतं, डाव नंतर. तो लंगोट शिवलेला, त्रिकोणी, लांब नाड्यांचा असतो. कुस्तीला त्यावर जांग्या चढतो. लंगोटीयार हा शब्द कुठल्या वयाचा मित्र सांगतो ते आता लक्षात येईल.

सरदारांची मुलं मात्र वेगळी. मोगली आणि दख्खनी चित्रांत राजपुत्र म्हणजे मोठ्या माणसाची लहान प्रत: तसाच जामा, तसाच पायजमा, तशीच पगडी, कमरेला इवलासा खंजीर. पण चित्र काढायला बसवलेलं पोर आणि अंगणात खेळणारं पोर यांत फरक करा. दरबाराच्या दिवशी सगळं अंगावर, घरी करदोडा आणि वाळे. बालशिवाजी दाखवायचाच तर दोन्ही दाखवता येईल, जिजाबाई त्याला अंगरखा चढवताहेत असा एक क्षण घ्या. बंद बांधताना बोलायला वेळही मिळतो.

आता वाड्याची मुलगी. आठ-नऊ वर्षांची असेल तर त्या काळात ती लग्न झालेली. लहानपणी परकर आणि चोळी, मग लहान लुगडं, त्याला चिरडी म्हणत, आणि मग नऊवारी. नऊवारीच्या आत काही नाही. काष्टा घातला की तेच आतलं आणि तेच बाहेरचं. लुगड्याखाली परकर घालण्याची रीत पाचवारी-सहावारी गोल साडी आली तिच्याबरोबरची. त्यामुळे १७८० सालची मुलगी नऊवारी उचलते आणि खाली लेसचा पेटिकोट डोकावतो, हे मी दोन-तीन नाटकांत बघितलंय आणि प्रत्येक वेळी दात-ओठ खाल्लेत. चोळी पुढे गाठीची घ्या. फुग्याच्या बाह्यांचं पोलकं इंग्रजी वळणाचं आहे, ते शेवटच्या प्रसंगाला ठेवा. परकराला खण हवा असेल तर गुळेदगुडचा घ्या. हातमागाचा परवडत नसेल तर यंत्रमागाचा चालेल, लांबून कळत नाही. नायलॉनचा नको. दिव्याखाली तो ओरडतो.

तिसऱ्या प्रसंगात तुम्हाला काम जास्त आहे, कारण इथे खरोखर ‘आत’ काहीतरी येतं. त्याला तीन गोष्टी कारण झाल्या असं माझं मत. एक, कापड स्वस्त झालं. इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग सुरू केला, आणि कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०६ साली कापडगिरणी काढली. मांजरपाट, म्हणजे जाडसर साधं सुती कापड, आणि पट्ट्यापट्ट्यांचं कापड आठवडी बाजारात सहज मिळायला लागलं, तेव्हा पोरासाठी नवं कापड फाडणं ही उधळपट्टी राहिली नाही. दोन, शिवणयंत्र. चड्डीला दोन मांड्या, मधली शिवण, नेफा. हातानं शिवायला ही कटकट, यंत्रावर अर्ध्या तासाचं काम. तीन, शाळा. १९१७ साली महाराजांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. जे पोर म्हशीमागे करदोड्यावर हिंडत होतं त्याला आता बाकावर, चारचौघांत, मास्तरांसमोर बसायचं. उघडं कसं बसणार? त्या एका हुकुमानं किती चड्ड्या शिवल्या गेल्या असतील याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही, पण शिंपी समाजातल्या म्हाताऱ्यांना विचारलं तर ते हसतात.

तरी ती चड्डी बाहेरचीच होती. सदरा, टोपी आणि नाडीची चड्डी, सरळ अंगावर. चड्डीच्या आत चड्डी ही चैन पुष्कळ नंतरची. जरा बऱ्या घरचा मुलगा असेल तर चड्डीला गॅलिस द्या, खांद्यावरून मागे फुलीसारखे. मुलींना परकर-पोलकं, शहरातल्या एखादीला फ्रॉक, आणि फ्रॉक शिवून उरलेल्या कापडाची, त्याच फुलांची चड्डी. ही पद्धत मी स्वतः अंगावर वागवली आहे. त्यामुळे झोपाळ्यावर बसलं तरी कुणाला काही वेगळं दिसायचं नाही, फ्रॉकचाच भाग वाटायचा. शमीज, पेटिकोट हे शब्द मडमांच्या मागून आले. इलॅस्टिक माझ्या लहानपणीही सगळ्यांच्या चड्डीत नव्हतं; नाडीची निरगाठ बसली की वर्गाबाहेर रडत उभं राहायचं, आणि बाई दातानं गाठ सोडवायच्या.

राहिलं साहेबाचं कुटुंब. १८४४ च्या गडकऱ्यांच्या, म्हणजे किल्ल्यांवरच्या शिपायांच्या, बंडानंतर कोल्हापुरात इंग्रज अधिकारी कायमचा येऊन बसला, त्यामुळे गोरं पोर दाखवणं चूक नाही. पण त्या पोराला तुम्ही हाफपँट घालणार असाल तर थांबा. किती वर्षांचं आहे? तीनचं असेल तर फ्रॉक घाला. हो, मुलगा असला तरी. एकोणिसाव्या शतकात, आणि विसाव्याच्या सुरुवातीलाही, तिकडे चार-पाच वर्षांपर्यंत मुलगेही झग्यात असत; अमेरिकेचे पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले फ्रँकलिन रूझवेल्ट यांचा १८८४ सालचा, लांब केस आणि पांढऱ्या झग्यातला फोटो प्रसिद्ध आहे. कारण आपल्यासारखंच सोपं: लंगोट बदलायला आणि शू-शीला बसवायला झगा बरा. पहिल्यांदा तुमान घालायचा दिवस तिकडे घरगुती सोहळ्याचा असे. आपली सोडमुंज आठवते का बघा. मोठ्या मुलाला खलाशी पोशाख द्या; राणी व्हिक्टोरियाच्या मुलाला १८४६ साली तसा रंगवला आणि पुढे जगभरच्या मुलांना तो चिकटला.

आणि त्यांच्या आत मात्र थरावर थर. अंगालगत बनियनसारखा कपडा, त्यावर बटणांची बॉडिस, म्हणजे घट्ट बंडी, त्या बटणांना अडकवलेली गुडघ्यापर्यंतची चड्डी, मुलगी असेल तर पेटिकोट, मग झगा. हिंदुस्थानात आले तरी सोडलं नाही, उलट पोटावर फ्लॅनेलचा पट्टा गुंडाळायचे. पोटाला गारवा लागला की कॉलरा होतो अशी त्यांची समजूत, म्हणून त्याला कॉलराचा पट्टाच म्हणत. एप्रिलच्या उन्हात पोटाला लोकर! आपली बाई करदोड्याला दृष्टीचा मणी बांधत होती, त्यांची बाई फ्लॅनेल. शेजारीशेजारी ही दोन पोरं उभी केलीत तर संवाद नसला तरी चालेल. साहेबाच्या पोरीच्या झग्याखालून लेसची चड्डी दोन बोटं दिसणं एकोणिसाव्या शतकाला धरून आहे, पण १९१७ साठी ते जुनं. गुडघ्याच्या वरच थांबवा.

आता झाकण्याचा प्रश्न. आजच्या पोराला स्टेजवर लंगोटीवर उभं करायचं नाही, हे तुम्ही न सांगताही मी मान्य करते. एक चूक माझ्या हातून झाली ती ऐका. पंधरा-एक वर्षांपूर्वी एका शाळेच्या नाटकासाठी मी पांढऱ्या मलमलीचा सुंदर अंगरखा शिवला, अस्तर न लावता. मागून दिवा पडला आणि महाराजांच्या आतली निळी, कार्टूनची चड्डी, कमरेच्या पट्ट्यावरच्या अक्षरांसकट, अख्ख्या सभागृहाला दिसली. लोक हसले, पोर रडलं. मापं घेतली, जरी लावली, आणि त्याला साधं विचारलं नाही की बाळा, आत काय घालून येणार आहेस.

तेव्हापासून मी प्रत्येक मुलाला मांजरपाटाचा मांडचोळणा शिवते. मांडीच्या मध्यापर्यंत, नेफ्यात नाडी, मध्ये चौकोनी तुकडा घालून मोकळा केलेला, म्हणजे पाय फाकवून उडी मारली तरी उसवत नाही. मावळ्यांच्या अंगावर शोभतोही. सात-आठ वर्षांच्या पोराला सव्वा मीटर कापड पुष्कळ होतं. आत त्यांनी स्वतःची चड्डी घालावी, फक्त पांढरी किंवा अंगाच्या रंगाची, आणि पट्टा नेफ्याच्या खाली दुमडलेला. मांजरपाट आधी दोनदा धुऊन चहाच्या पाण्यात बुडवा, नवेपणाचा पांढराफटक रंग जातो. वाडीतल्या पोरांसाठी त्यावर पुढेमागे लोंबणारी लंगोटीची पट्टी आणि काळा करदोडा बांधला की दुरून लंगोटीच वाटते. पालकही खूश. अंगरख्याला आतून पातळ अस्तर लावायला विसरू नका. बाराबंदीला मोठ्यांचे बारा बंद असतात, म्हणजे सहा गाठी. पोरांना आठ बंद ठेवा, चार गाठी, नाहीतर विंगेत कपडे बदलताना तुमचाच जीव जाईल. मुलींच्या नऊवारीखाली गुडघ्यापर्यंतची, लुगड्याच्याच रंगाची चड्डी चालेल. पिना लावाल तर उघडी बाजू अंगापासून दूर.

पाळण्यासाठी माझ्याकडे सासूबाईंची एक कुंची आहे, जांभळ्या खणाची, जरी काळी पडलेली. ती नाटकापुरती देईन. बाहुलीलाच घाला, खऱ्या बाळाला नको, आतली शिवण जीर्ण झाली आहे. परत देताना मात्र धुऊ नका, रंग उतरेल. घाम किंवा पावडर लागली तर सावलीत झटकून, जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळून आणा.